कॉम्पॅक्ट करण्याआधी

फोन आला की मी आधी नावगाव विचारत नाही. "माउस सोडा," म्हणते, "प्रोग्राम बंद करा आणि मी पोचेपर्यंत त्या मशीनवर कुणाला बसू देऊ नका." पलीकडचा माणूस हवालदिल झालेला असतो. मेल उडालेत, साहेब आत वाट बघताहेत, आणि काहीतरी करून दाखवलं पाहिजे या भरात तो एकेक बटण दाबत सुटलेला असतो. त्याला थांबवणं हे माझ्या कामातलं पहिलं आणि सगळ्यांत अवघड काम. मेल डिलीट होणं आणि मेल नाहीसा होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये थोडा अवधी असतो. कधी काही मिनिटांचा, कधी काही वर्षांचा. मला जे करता येतं ते सगळं त्या अवधीतच.

नाशिक, ओझर, पिंपळगाव या पट्ट्यातल्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. द्राक्ष निर्यातदार, अंबड-सातपूरचे छोटे कारखानदार, सीए, वकील. यांच्याकडे मेल म्हणजे डेस्कटॉपवरचा प्रोग्राम, आणि बहुतेक ठिकाणी थंडरबर्ड, कारण तो फुकट होता आणि साध्या मशीनवरही चालायचा. त्याची १.० आवृत्ती २००४ च्या डिसेंबरात आली. मेल 'पॉप' पद्धतीने यायचे, म्हणजे सर्व्हरवरून उतरवून घ्यायचे आणि तिथून पुसायचे. होस्टिंगवाल्याकडे जागा थोडी असायची, ती भरली की नवा मेल परत जायचा, म्हणून सर्व्हरवर काही शिल्लक ठेवायची कुणाची तयारी नसे. परिणाम असा की पाच-सात वर्षांचा सगळा व्यवहार एका टेबलाखालच्या एका हार्ड डिस्कवर, आणि दुसरी प्रत कुठेही नाही.

थंडरबर्ड मेल कसे ठेवतो हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, ते आजही आठवतं. प्रत्येक फोल्डर म्हणजे मजकुराची एकच सलग फाइल. ही एमबॉक्स पद्धत युनिक्सच्या जुन्या दिवसांपासून चालत आलेली. एकाखाली एक मेल लिहीत जायचे, आणि प्रत्येक नवा मेल 'फ्रॉम' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीने ओळखायचा. शेजारी त्याच नावाची, एमएसएफ शेपटीची दुसरी फाइल असते. ती फक्त सूची. स्क्रीनवर दिसते ती यादी त्या सूचीची.

इनबॉक्समधला मेल डिलीट केला की त्याची प्रत ट्रॅशच्या फाइलमध्ये जाते. मूळ मेल मात्र इनबॉक्सच्या फाइलमधून हलत नाही. त्याच्या माथ्यावर 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी एक ओळ असते, तिच्यातला चार स्थानांचा क्रमांक तेवढा बदलतो, आणि सूचीतून नाव जातं. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून जमीन उठून जात नाही, तसंच हे. ट्रॅश रिकामा केला तरी रिकामी होते ती ट्रॅशची फाइल. इनबॉक्सच्या फाइलमधला मूळ मजकूर तसाच असतो. तो खरोखर जातो कॉम्पॅक्ट केल्यावर. तेव्हा प्रोग्राम एक नवी फाइल लिहितो, खूण नसलेले मेल तिच्यात उतरवतो, खूण असलेले वगळतो आणि जुनी फाइल काढून टाकतो. ठराविक जागा वाचणार असेल तर तो आपण होऊन विचारतोही: कॉम्पॅक्ट करू का? ऑफिसातला शहाणा माणूस 'हो' म्हणतो. जागा वाचवणं चांगलंच, असं आपल्याला शिकवलेलं असतं.

त्या क्रमांकाविषयी जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझी कित्येक कामं त्याच्यावर निभावली. मेल वाचला असेल तर १. उत्तर दिलं असेल तर २. तारा लावला असेल तर ४. पुसला असेल तर ८. लागू असतील त्यांची बेरीज तिथे लिहिलेली असते, तीही सोळाच्या मोजणीत, म्हणून दहाच्या जागी ए आणि अकराच्या जागी बी हे अक्षर. वाचून पुसलेल्या मेलच्या शेवटी ९ दिसतो. वाचला, उत्तर दिलं आणि मग पुसला, तर बी. न वाचताच पुसला तर नुसता ८. म्हणजे मेल तर राहतोच, शिवाय त्याचं ऑफिसात काय झालं तेही लिहून राहतं. परत आणण्याची रीत सोपी आहे: प्रोग्राम बंद करायचा, प्रोफाइलच्या फोल्डरची प्रत काढायची, त्या प्रतीत हा क्रमांक बदलायचा, एमएसएफ फाइल काढून टाकायची आणि प्रोग्राम उघडायचा. तो सूची नव्याने तयार करतो आणि मेल आपल्या जागी दिसू लागतात. हे पहिल्यांदा पाहणाऱ्यांतले काही जण खुर्चीतून उठून उभे राहतात.

२०१० च्या हंगामाच्या शेवटी द्राक्षांच्या धंद्यावर मोठं संकट आलं. युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरायचं औषध. माल अडकला, पडून राहिला, पैसे अडले, आणि न्हावाशेवापासून रॉटरडॅमपर्यंत कोण काय म्हणालं होतं याला एकदम किंमत आली. त्या दिवसांत पिंपळगावजवळच्या एका निर्यातदाराकडून मला बोलावणं आलं. तिकडचा खरेदीदार म्हणत होता, आम्ही पुढचे कंटेनर थांबवायला सांगितलं होतं. हे म्हणत होते, पाठवा म्हणून लिहून आलं होतं. लिहून आलेलं कुठे आहे? तर डॉक्युमेंटेशन बघणाऱ्या मुलाने हंगाम संपल्यावर 'मशीन स्लो झालंय' म्हणून इनबॉक्स आवरला होता. त्यात त्याचं काय चुकलं? त्याला दरवर्षी तेच करायला सांगितलेलं. मी गेले तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता आणि सगळं ऑफिस त्याच्याकडे बघत होतं.

मी आधी त्याला विचारलं, "कॉम्पॅक्टचा प्रश्न आला होता का रे?"

"आला होता, ताई. मी नाही म्हटलं. वेळ लागतो त्याला."

त्या 'नाही'ने वाचवलं. ऑफिसमध्ये सगळ्यांनी ऐकावं एवढ्या मोठ्याने मी ते बोलले.

प्रत काढून फाइल मजकुराच्या एडिटरमध्ये उघडली. इतक्या लांबलचक फाइलमध्ये शोधायचं कशाने? माणसांची नावं शेकडो मेलांत येतात. कंटेनरचा नंबर मात्र जगात एकच असतो: चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक पडताळणीचा आकडा. बिल ऑफ लेडिंगवर, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावर, पॅकिंग लिस्टवर तोच, आणि डॉक्युमेंटेशनवाले शहाणे असतील तर मेलच्या विषयातही तोच. हा मुलगा तसा शहाणा होता. नंबर टाकला आणि मेल सापडू लागले.

'पाठवा' म्हणणारा मेल सापडला. क्रमांकाच्या शेवटी बी. वाचलेला, उत्तर दिलेला, पुसलेला. शेठ खुर्चीत मागे रेलले. पण खाली आणखी एक होता, त्याच कंटेनरचा नंबर असलेला. रिपोर्टबद्दल शंका आहे, थोडं थांबा, असं त्यात सौम्य शब्दांत लिहिलेलं. क्रमांकाच्या शेवटी ९. वाचला होता, उत्तर दिलं नव्हतं. मेलच्या माथ्यावरच्या 'रिसीव्ह्ड' ओळी खालून वर वाचायच्या असतात; त्यांत प्रत्येक सर्व्हरची वेळ असते. एप्रिलमध्ये हॉलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तो हिशेब केल्यावर दिसलं की मेल इथे रात्री उशिरा येऊन पडला होता, आणि जहाज सुटायला अजून अवकाश होता.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग शेठ म्हणाले, "ताई, पहिला तेवढा काढून द्या. दुसरा राहू द्या तिथेच."

मी त्यांना काय सांगितलं ते इथे जसंच्या तसं सांगते, कारण त्यानंतर प्रत्येक वेळी मी तेच सांगत आले आहे. मेल एकट्याचा नसतो. तुमच्या इनबॉक्समधून गेलेला मेल त्यांच्या 'सेंट'मध्ये असतो, मधल्या सर्व्हरच्या नोंदीत असतो, बॅकअपवर असतो. आणि तसा नसता तरी मी अर्धं काढून दिलं नसतं. मी फाइल उघडते ती तिच्यात जे आहे ते दाखवण्यासाठी. निवड करायची तर तुम्ही करा, तुमच्या वकिलांना विचारून करा. माझ्या पेन ड्राइव्हवर दोन्ही असतील. ते रागावले नाहीत. थकल्यासारखे दिसले. बागायतदारांचे पैसे त्यांच्याकडे अडकले होते आणि त्यांचे तिकडे. त्या हंगामात या धंद्यातली सगळीच माणसं थकलेली होती. शेवटी त्यांनी दोन्ही मेल पुढे ठेवले आणि वाटाघाट झाली.

पुढे काही वर्षांनी मी इराण-कॉन्ट्रा प्रकरणाबद्दल वाचलं. १९८६ च्या नोव्हेंबरात व्हाइट हाउसमधल्या ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर यांनी प्रॉफ्स नावाच्या मेल प्रणालीतले आपले हजारो संदेश पुसले होते, आणि यंत्रणेच्या बॅकअप टेपांवर ते तसेच राहिल्यामुळे चौकशीच्या हाती लागले. ते वाचताना मला पिंपळगावचं ते टेबल आठवलं. सत्तेच्या पायऱ्यांमध्ये केवढं अंतर, पण दोन्हीकडे माणसाचा समज एकच: माझ्या स्क्रीनवरून गेलं, म्हणजे गेलं.

पिंपळगावचं प्रकरण कोर्टात गेलं नाही. नंतर वकिलांबरोबर काम करू लागले तेव्हा या कामाची दुसरी बाजू कळली. परत आणलेला मेल नुसता सापडून उपयोगाचा नाही. तो मूळ फाइलमधलाच आहे हे दाखवता आलं पाहिजे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागतं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० च्या ज्या निकालात सोडवला, तो आपल्या जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून आलेला, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवरून गणिताने काढलेली एक लांब खूण. फाइलमधला एक आकडा बदलला तरी ती खूण पार बदलते. स्टेटसचा क्रमांक ९ चा १ केला, एवढं पुरतं. म्हणून मूळ फाइलला मी कधीच हात लावत नाही. आधी हॅश, मग प्रत, मग प्रतीवर काम. यूट्यूबवर बघून मूळ फाइलमध्येच दुरुस्ती करणारी हुशार मुलं भेटतात, तेव्हा जीव कळवळतो. मेल परत येतो, पण त्याची साक्ष कच्ची होते.

कॉम्पॅक्ट होऊन गेल्यानंतरचं काम वेगळं. तिथे फाइल उरलेली नसते, उरलेली असते डिस्क. जुन्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली की तिची जागा 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. दुसरं काही तिथे लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच असतो. म्हणून तर फोनवर मी सगळ्यांना थांबवते. मेल शोधायचं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर डाउनलोड करून बसवणारे लोक बहुतेकदा नेमक्या त्याच जागेवर ते सॉफ्टवेअर लिहून घेतात.

कॉलेज रोडच्या एका काकूंचं काम मला यातलं सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. त्यांचे यजमान निवृत्त शिक्षक. मुलगी अमेरिकेत, तिचे मेल ते घरच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्डमध्ये उतरवून घ्यायचे. ते गेल्यावर कुणीतरी नातेवाइकाने आपुलकीने मशीन साफ करून दिलं, फोल्डर रिकामे केले, कॉम्पॅक्टही केलं. मुलगी ज्या वेबमेल खात्यातून लिहायची ते कधीच बंद झालं होतं.

मी डिस्क काढून घेतली आणि लिहिण्याला अटकाव करणाऱ्या जोडणीतून दुसऱ्या मशीनला लावली. शोधायला घेतलं तर मराठी शब्द एकही सापडेना. याचं कारण असं की मराठीत लिहिलेला मेल प्रवासात बहुधा मराठीत नसतो. बेस-६४ या पद्धतीने त्याची इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांत मांडणी झालेली असते. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि बेस-६४ दर तीन बाइटांची चार चिन्हं करतं. त्यामुळे मजकुराचा पहिला शब्द चौकड्यांमध्ये नीट बसतो, आणि प्रत्येक चौकडी ४, के, एस किंवा ४, के, डब्ल्यू अशी सुरू होते. मध्ये मोकळी जागा आली की ती एकच बाइट घेते, ताल सरकतो; अशा तीन मोकळ्या जागा झाल्या की पुन्हा जुळतो. हे कागदावर मांडून बघताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी काकूंना फोन लावला.

"काकू, ती पत्राची सुरुवात कशी करायची?"

"अगं, बापाला लिहायचं म्हणजे 'ती. बाबांस'. त्यांनी लावलेली सवय."

'ती' या अक्षराच्या दोन चौकड्या होतात: ४, के, एस, लहान के, आणि ४, के, डब्ल्यू, ए. ही आठ चिन्हं सगळ्या डिस्कवर शोधायला लावली. रात्रभर मशीन चालू ठेवलं. सकाळी यादी तयार होती. सगळे मेल मिळाले नाहीत. मोठी फाइल डिस्कवर एका जागी सलग असतेच असं नाही, आणि काही तुकड्यांवर नातेवाइकाने बसवलेलं नवं काहीतरी लिहिलं गेलं होतं. काही पत्रं मध्येच तुटली होती, एकाला दुसऱ्याची शेपटी लागली होती. ती जुळवायची तर वाचावं लागतं. मी शक्यतो वरची एक ओळ, खालची एक ओळ आणि तारीख एवढंच बघते. तरी डोळे आहेत, काही दिसतं. जे दिसलं त्याबद्दल मी कुठे बोलत नाही.

पत्रं कुणाची, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा माझ्यापुढे नीट उभा राहिला. मशीन काकूंचं, इनबॉक्स गेलेल्या माणसाचा, लिहिलेलं मुलीचं. काकूंना मी तसं म्हटलं. त्यांना वाईट वाटेल अशी भीती होती, पण त्यांनी लगेच मुलीला फोन लावला. ती म्हणाली, त्यातली काही मी फक्त बाबांना लिहिली होती. सगळी आधी मला पाठवा, मग मी आईला देईन. काकू म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं." डिस्कची प्रत मुलीकडे गेली.

याच्या उलट मागणीही येते आणि ती मी तितक्याच गंभीरपणे घेते. एका ऑफिसातली मुलगी नोकरी सोडून जाताना मला भेटली. तिच्या मशीनवर तिच्या आजारपणातले दवाखान्याचे मेल होते. "तुम्हीच म्हणता ना मॅडम, पुसलं तरी राहतं," ती म्हणाली, "मग ते राहू नये म्हणून काय करायचं?" मालकांच्या कानावर घालून, ऑफिसचे मेल वेगळे ठेवून, तिचं फोल्डर तिच्यासमोर पुसलं, कॉम्पॅक्ट केलं, डिस्कवरची मोकळी जागा पुन्हा लिहून काढली आणि बॅकअपच्या डिस्कवरूनही काढलं. परत आणता येणं ही माझी कला असली, तरी प्रत्येक गोष्ट परत आलीच पाहिजे असं मला वाटत नाही. मालक मागे लागले की अमक्याने सोडून जाताना काय काय पुसलं ते काढून द्या, तर मी लेखी पत्र मागते, कंपनीच्या कामाचंच फोल्डर उघडते आणि शोधायचा शब्द आधी लिहून घेते. शब्द सांगता येत नसेल तर मी काम घेत नाही.

आता यातलं बरंच बदलत चाललंय. नव्या मशीनमध्ये एसएसडी असते. फाइल पुसली की ट्रिम नावाच्या आज्ञेने डिस्कला ते कळतं आणि डिस्क ती जागा आपण होऊन साफ करून टाकते, पुष्कळदा लगेचच. काकूंसाठी केलं तसं काम अशा डिस्कवर मला जमणार नाही, आणि ते मी फोनवरच सांगते. खोटी आशा देऊन मशीन उघडण्याचे पैसे घेणं मला पटत नाही. दुसरीकडे ऑफिसं 'पॉप' सोडून आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या पद्धतीवर, गेली. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला त्याची पहिली आखणी केली होती. त्यातही पुसणं दोन पायऱ्यांचंच: आधी डिलीटेडची खूण, मग एक्सपंज ही वेगळी आज्ञा. पण ही आज्ञा एका मोबाइलवरून गेली तरी मेल टेबलावरच्या मशीनमधूनही जातो. पूर्वी एकाच ठिकाणी असल्यामुळे मेल जायचे. आता सगळीकडे असूनही एकदम जातात.

म्हणून गेली काही वर्षं मी माझ्या द्राक्षवाल्यांकडे मे महिन्यात, आवराआवर सुरू होण्याआधी, बोलावलं नाही तरी जाते. प्रोफाइलचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवते, हॅश काढते, तो कागदावर लिहून शेठच्या कपाटात ठेवायला देते. नव्या मुलाला शेजारी बसवून मेल कसे ठेवलेले असतात ते दाखवते, क्रमांकाचा अर्थ सांगते. मग त्याला इनबॉक्स हवा तेवढा आवरू देते. कॉम्पॅक्टचा प्रश्न आला तर त्यालाच 'हो' दाबायला सांगते.